स्मृती: ग्रहण, धारण आणि प्रत्यावाहन (भाणक-परंपरेच्या संदर्भात एक विवेचन)

श्रामणेर शिबिरात सहभागी झालेल्या प्रत्येकास एक प्रसंग आठवत असेल. प्रव्रज्येच्या वेळी भन्ते शरीराच्या पाच भागांची नावे पालीत म्हणवून घेतात: केस, लोम, नख, दात आणि त्वचा. ही नावे प्रथम सरळ क्रमाने म्हणावयाची, नंतर त्वचेपासून केसांपर्यंत उलट क्रमाने. पुष्कळांना हा विधीचा एक भाग वाटतो आणि विधी संपताच तो विस्मरणातही जातो. परंतु नावे पाचच का, उलट क्रम कशासाठी आणि ती मोठ्याने का म्हणावयाची, असे प्रश्न मनात आले, तर आपण मानवी स्मृतीच्या अभ्यासाच्या दाराशी येऊन पोहोचतो.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा विषय टाळता येत नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके तिपिटक ग्रंथरूपात नव्हते. ते माणसांच्या स्मृतीत होते. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळात, सिंहलद्वीपात ते लिपिबद्ध झाले. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ ते मुखोद्गत ठेवण्याचे काम भाणकांनी केले. कोणी दीघनिकायाचे भाणक, कोणी मज्झिमनिकायाचे. आपल्या महाराष्ट्रातही भाणक होते. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या, धम्मुत्तरीय परंपरेतील एका भाणकाच्या दानाची नोंद आजही वाचता येते.

सामान्यतः आपण स्मृतीला कोठाराची उपमा देतो. अनुभव आला, कोठारात ठेवला, गरज पडली तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढला, अशी आपली समजूत असते. ही समजूत आधुनिक मानसशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, आणि पाली परंपरेलाही ती कधी मान्य नव्हती. स्मृती ही ठेवलेली वस्तू नसून, कारणे जुळून आली म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने घडणारी क्रिया आहे. म्हणूनच ती अभ्यासाने कमावता येते, दुर्लक्षाने लोप पावते आणि तपासणीवाचून नकळत बदलते. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन ग्रहण, धारण आणि प्रत्यावाहन या तीन पायऱ्यांच्या आधारे मांडावयाचे आहे.

ग्रहण

अनुभवाची नोंद मनात होणे ही पहिली पायरी. डोळ्यांपुढून आणि कानांवरून रोज असंख्य गोष्टी जातात, परंतु ज्याकडे अवधान असते त्याचीच नोंद पुढे टिकते. पालीतील 'सति' हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे. निकायांत 'सति'चा एक अर्थ फार पूर्वी केलेले व बोललेले आठवणे असा दिला आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वर्तमान क्षणाची जागरूकता असा आहे. दोन भिन्न अर्थांना एकच शब्द कसा, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर अनुभवातच आहे. जो त्या क्षणी उपस्थित नव्हता, त्याला नंतर काय आठवणार? अवधान विभागले गेले की ग्रहण दुबळे होते, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांनीही वारंवार दाखविले आहे.

दुसरी महत्त्वाची संज्ञा 'सञ्ञा'. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सञ्ञेचे कार्य सुताराच्या उपमेने सांगितले आहे. सुतार लाकडावर खूण करतो, म्हणजे पुढे ते लाकूड हाती आले की 'हे तेच' असे त्याला ओळखता येते. खूण करणे हे ग्रहण आणि खुणेवरून ओळखणे हे स्मरण. सुतार सबंध लाकूड मनात साठवीत नाही, तो खूण करतो, ही या उपमेतील मर्माची गोष्ट होय. सति ज्यावर उभी राहते तो निकटचा आधार म्हणजे दृढ झालेली सञ्ञा, असेही अट्ठकथाकार सांगतात. खूण पक्की असेल तर स्मरण पक्के.

आता पाच नावांचा प्रश्न. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका प्रसिद्ध निबंधात असे मांडले, की माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सात, फार तर दोन अधिक किंवा उणे, इतकेच घटक मावतात. पुढील संशोधनाने ही मर्यादा आणखी खाली, सुमारे चारपर्यंत आणली. परंतु मिलर यांनी एक मार्गही दाखविला: सुटे घटक गटांत बांधले, तर प्रत्येक गट हा एकच घटक ठरतो. विसुद्धिमग्गातील शरीराच्या बत्तीस भागांची मांडणी याच पद्धतीची आहे. बत्तीस नावे सलग दिलेली नाहीत. पाच-पाच नावांचे चार गट आणि सहा-सहा नावांचे दोन गट केले आहेत. प्रत्येक गट सरळ आणि उलट क्रमाने घोकावयाचा, मग पुढचा गट त्यास जोडावयाचा. श्रामणेराला दिला जातो तो यातील पहिला गट, त्वचेपाशी संपणारा 'तचपञ्चक'.

घोकंपट्टी एवढाच याचा अर्थ घेतला तर मात्र गफलत होईल. फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ साली असा सिद्धान्त मांडला, की स्मृतीचा टिकाऊपणा प्रक्रियेच्या खोलीवर अवलंबून असतो. शब्दाच्या अक्षरांकडे पाहिले तर तो थोडा लक्षात राहतो, उच्चाराकडे लक्ष दिले तर अधिक, अर्थाचा विचार केला तर सर्वाधिक. विसुद्धिमग्गात बत्तीस भागांच्या अध्ययनाचे सात प्रकार सांगितले आहेत: वाणीने, मनाने, वर्णाने, आकाराने, दिशेने, स्थानाने आणि मर्यादेने. तिपिटक मुखोद्गत असलेल्यानेही प्रथम वाणीने पठण करावे, कारण वाणीचे पठण मनातील पठणास आणि मनातील पठण अर्थाच्या प्रतीतीस कारण होते, असा तेथील क्रम आहे. उच्चारापासून अर्थापर्यंतचा हा प्रवास पंधराशे वर्षांपूर्वी अध्यापनाच्या अनुभवातून निश्चित झाला होता.

धारण

ग्रहण झालेले टिकते कसे? जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली याचे पहिले पद्धतशीर मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करावयाच्या, काही काळ जाऊ द्यावयाचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजावयाचे. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि एका महिन्याने २१ टक्के. विस्मरण आरंभी वेगाने होते व पुढे त्याचा वेग मंदावतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली उजळणी लवकर झाली पाहिजे, आणि एकाच बैठकीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते. भिक्खुसंघाला पातिमोक्खाचे पठण दर पंधरवड्यास करण्याचा नियम आहे. त्यामागील मुख्य हेतू शीलशुद्धीचा होय. तथापि त्या नियमाने सबंध संघाची उजळणी कधी खंडित होऊ दिली नाही, हेही तितकेच खरे.

स्मृतीची मेंदूतील जागा कोणती, या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश एका रुग्णाने टाकला. अमेरिकेतील हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतील अंगास असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. झटके कमी झाले, परंतु त्यानंतर नव्या घटनांची स्मृती मोलेसन यांच्यात तयार होईना. भेटून गेलेली व्यक्ती काही मिनिटांनी पुन्हा आली तरी ती त्यांना नवी वाटे. बालपणाच्या बऱ्याच आठवणी मात्र शाबूत होत्या. संशोधिका ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून आकृती गिरविण्याचा सराव दिला. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, पण हा सराव आपण पूर्वी केला आहे, हे मात्र त्यांना आठवत नसे. २००८ साली मोलेसन यांचे निधन झाले. घटनांची स्मृती वेगळी आणि कौशल्याची स्मृती वेगळी, हिप्पोकॅम्पस नव्या स्मृती घडविण्यास आवश्यक, परंतु जुन्या स्मृतींचे ते कायमचे घर नव्हे, असे निष्कर्ष या अभ्यासातून निघाले.

मग स्मृती असते तरी कोठे? आजचे उत्तर असे, की ती चेतापेशींच्या परस्परसंबंधांत असते. एकत्र उद्दीपित होणाऱ्या पेशींमधील दुवे बळकट होतात. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असे दीर्घकाळ टिकणारे बळकटीकरण दाखविले. एरिक कँडेल यांनी एका सागरी गोगलगायीवरील संशोधनातून या बदलांची रासायनिक प्रक्रिया उलगडली आणि २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. नव्या स्मृती स्थिर होण्यात निद्रेचाही मोठा वाटा आहे. रात्र जागून पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

येथे बौद्ध विचाराशी असलेले साम्य सांगताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. प्राचीन आचार्यांना चेतापेशी ठाऊक नव्हत्या, आणि 'आमच्या ग्रंथांत सर्व आधीच आहे' असा दावा करणे हे बुद्धिवादी धम्माला शोभणारे नाही. इतके मात्र म्हणता येते: चित्त क्षणोक्षणी उत्पन्न होते व निरुद्ध होते, आणि आठवणी जपून ठेवणारा कोणी नित्य आत्मा आत बसलेला नाही, अशी थेरवाद अभिधम्माची भूमिका आहे. साहजिकच आठवणीचे स्पष्टीकरण त्यांना कोठार न मानता, केवळ कारणपरंपरेने द्यावे लागले. ही दिशा योग्य होती.

प्रत्यावाहन

पाठ केलेले आहे, ओठांवर आहे, पण आठवत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. मागाहून कोणी पहिला शब्द सुचविला की सारे धडधड आठवते. म्हणजे नोंद होती, तिच्यापर्यंत जाण्याची वाट सापडत नव्हती. एन्डेल टुल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ साली हा भेद प्रयोगाने स्पष्ट केला. शब्द त्यांच्या वर्गांसह पाठ करावयास दिले. नंतर काहींना वर्गांची नावे पुरविली, काहींना पुरविली नाहीत. ज्यांना वर्गांची नावे मिळाली त्यांना पुष्कळ अधिक शब्द आठवले. स्मृती विद्यमान असणे वेगळे आणि ती हाती लागणे वेगळे. हाती लागण्यासाठी खूण लागते.

मिलिन्दपञ्हात राजा मिलिन्द नागसेन स्थविरांना नेमका हाच प्रश्न विचारतो: स्मृती किती प्रकारांनी उत्पन्न होते? नागसेन सतरा प्रकार सांगतात. त्यांतील काही पाहा. सारख्या दिसणाऱ्या व्यक्तीला पाहून आई, वडील किंवा भावंडे आठवतात. बैलाच्या अंगावरील डागावरून तो बैल ओळखू येतो. दुसऱ्याने बोलण्यातून आठवण करून दिली म्हणजे विसरलेले आठवते. लेखन शिकलेल्यास या अक्षरानंतर ते अक्षर येते हे स्मरते. गणना शिकलेल्यास हिशेब आठवतो. ठेव म्हणून ठेवलेली वस्तू दिसली की तिच्याविषयीचे स्मरण होते. राजे लोक पोथी आणवून पूर्वीचा निर्णय आठवतात. आतील अभ्यास आणि बाहेरील खुणा, दोहोंना नागसेनांनी एकाच यादीत स्थान दिले आहे. स्मृती केवळ डोक्यात नसते. ती वस्तूंत, माणसांत आणि लेखनातही पसरलेली असते, असा याचा अर्थ होतो.

तिपिटकाची रचनाही अशा खुणांनी भरलेली आहे. वग्गाच्या शेवटी उद्दान येते. त्यात त्या वग्गातील सुत्तांचे एकेक खुणेचे पद गाथेत ओवलेले असते. अंगुत्तरनिकायाची मांडणी एकपासून अकरापर्यंतच्या संख्यांवर आहे. चार गोष्टी सांगावयाच्या आणि तीनच आठवल्या, तर एक राहिली हे संख्याच सांगते. एकच वाक्यरचना पुनःपुन्हा येते आणि तिच्यात थोडेच शब्द बदलतात. छापील पुस्तक वाचणाऱ्यास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, पण ती ग्रंथ डोक्यात वाहून नेणाऱ्यांसाठी होती. सुत्ताच्या आरंभी स्थळ आणि श्रोते सांगण्याचा प्रघातही स्मरणास प्रसंगाचा आधार देतो.

आणखी एक निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाचा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटले आणि तीन वेळा आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आठवणे ही स्मृतीची केवळ परीक्षा नाही, ते स्मृतीचे पोषणही आहे. भाणकांपुढे मिटावयास पुस्तकच नव्हते. त्यांची प्रत्येक उजळणी हे प्रत्यावाहनच होते. आमच्या वसतिगृहांतील मुलामुलींनी वही मिटून एकमेकांना पाठ म्हणून दाखवावा, हा सल्ला यामुळेच द्यावासा वाटतो.

स्मृतीची विकृती

आता या विवेचनातील अवघड भागाकडे वळू. प्रत्येक स्मरण जर नव्याने घडत असेल, तर ते प्रत्येक वेळी सारखेच घडेल याची हमी काय? हमी नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखविले, की परक्या संस्कृतीतील कथा पुन्हा सांगताना लोक ती आपल्या परिचयाच्या साच्यात बसवितात. अनोळखी तपशील गळतात, ओळखीचे भरले जातात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली मोटार-अपघाताची फीत दाखवून प्रश्न विचारले. 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता' असे काहींना विचारले, तर काहींना 'आदळल्या तेव्हा' असे सौम्य शब्दांत. आठवड्याने 'फुटलेली काच पाहिली का' असे विचारता पहिल्या गटातील पन्नासांपैकी सोळा जणांनी होय म्हटले, दुसऱ्या गटातील पन्नासांपैकी सात जणांनी. फितीत फुटलेली काच नव्हतीच. प्रश्नाच्या शब्दांनी स्मृती घडविली होती.

जीवनातील मोठे प्रसंग तरी अचूक आठवतात, असे आपण मानतो. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान स्फोटात नष्ट झाले. ती बातमी आपल्याला कोठे, कशी कळली हे उलरिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले, तेव्हा अनेकांची उत्तरे पूर्वीच्या लेखाशी जुळली नाहीत, आणि चुकीचे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांना आपल्या आठवणीची पूर्ण खात्री होती. खात्री हा सत्याचा पुरावा नव्हे.

याचा अनुभव मला घरातच आला. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षाभूमीवर होती. मी लहान असताना ती सांगे, की गर्दी इतकी होती की बाबासाहेब दिसले नाहीत, फक्त कर्ण्यावरून आवाज ऐकू आला. पुढे घरात धम्मदीक्षेचे छायाचित्र लागले आणि वर्षानुवर्षे ते तिच्या डोळ्यांपुढे राहिले. अखेरच्या वर्षांत ती सांगू लागली, की मी त्यांना जवळून पाहिले, त्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे होती. आजी खोटे बोलत नव्हती. ऐकलेला आवाज आणि पाहिलेले छायाचित्र तिच्या मनात एकजीव झाले होते. तिच्या पहिल्या कथनाची नोंद आम्ही केली नाही, ही चूक आमची.

बौद्ध परंपरेने हा धोका ओळखला होता. सञ्ञा मुळातच फसू शकते. शेतातील बुजगावण्याला हरणाची पाडसे माणूस समजतात, असे उदाहरण विसुद्धिमग्गात आहे. म्हणून केवळ परंपरेने ऐकले आहे एवढ्यावरून विश्वास ठेवू नये, असे कालामांना सांगितले गेले. महापरिनिब्बानसुत्तातील महापदेस तर स्मृतीच्या तपासणीची कार्यपद्धतीच होय. 'मी हे प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले' असे कोणी सांगितले, तर लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. शब्द नीट समजून घ्यावेत आणि सुत्ताशी व विनयाशी पडताळून पाहावेत. सांगणाऱ्याच्या अधिकाराला किंवा खात्रीला येथे निर्णायक स्थान नाही. संगायनाचे महत्त्वही यातच आहे. अनेकजण एकत्र म्हणू लागले की एकाची चूक दुसऱ्याच्या कानास खटकते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात हाच प्रश्न निर्भीडपणे हाताळला आहे. उपदेश मुखोद्गत ठेवणाऱ्या भाणकांच्या हातून विपर्यास घडणे शक्य होते, तथागतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास झाल्याची पाच उदाहरणे सुत्तांत आहेत, असे ते दाखवून देतात. आणि मग कसोटी सांगतात: जे विवेकाला धरून आहे, जे मानवाच्या कल्याणाशी संबंधित आहे, ते तथागतांचे मानावे. स्मृतिशास्त्राचा आजचा निष्कर्ष बाबासाहेबांच्या या सावधगिरीला पुष्टी देणाराच आहे.

जन्माची देणगी की अभ्यासाचे फळ?

आपल्या देशात पाठांतराची क्षमता ही विशिष्ट कुळांची जन्मजात देणगी मानली गेली आणि तिच्या आधारे इतरांना विद्येपासून दूर ठेवले गेले. या समजुतीला शास्त्रीय आधार आहे काय?

अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फलून यांनी १९८० साली एका सामान्य स्मृतीच्या विद्यार्थ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी त्याला एका वेळी सातच अंक आठवत. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ अंकांपर्यंत पोहोचला. तो धावपटू होता. अंकांचे गट तो शर्यतींच्या वेळांशी जोडून लक्षात ठेवी. अंकांऐवजी अक्षरे देताच त्याची मर्यादा पुन्हा सहाच्या आसपास आली. म्हणजे वाढले होते ते कौशल्य, कोणतीही गूढ शक्ती नव्हे. लंडनमधील टॅक्सीचालकांना शहराचे हजारो रस्ते मुखोद्गत करावे लागतात. कॅथरीन वूलेट आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी प्रशिक्षणार्थींची प्रशिक्षणापूर्वी व नंतर तपासणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या मागील भागात वाढ आढळली. प्रशिक्षणापूर्वी तो फरक नव्हता. व्यक्तीव्यक्तींत काही नैसर्गिक फरक असतात, परंतु या दर्जाची स्मृती अभ्यासाने घडते.

तथागतांच्या संघाने हे सत्य आचरणातून सिद्ध केले. विनय धारण करणाऱ्यांत अग्र ठरलेले उपालि स्थविर पूर्वाश्रमी न्हावी होते. त्याहून लक्षणीय उदाहरण खुज्जुत्तरेचे. परंपरेनुसार ती कोसम्बीच्या राणी सामावतीची दासी होती. राणीला बाहेर पडण्याची मोकळीक नसल्याने ही दासी भगवंतांचा उपदेश ऐकून येई आणि राजवाड्यातील स्त्रियांना तो जसाच्या तसा सांगे. इतिवुत्तकातील ११२ सुत्ते तिच्या स्मृतीतून आली, असे अट्ठकथा सांगते. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. एका दासीचे कान आणि एका दासीची वाणी यांमुळे तिपिटकातील एक ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट आमच्या प्रत्येक मुलीला सांगितली पाहिजे.

आधुनिक काळातही ही परंपरा निमाली नाही. ब्रह्मदेशातील मिंगुन सयाडो भदन्त विचित्तसाराभिवंस (१९११-१९९३) यांनी १९५३ साली तिपिटकधर परीक्षा उत्तीर्ण केली. १९५४ मध्ये रंगून येथे त्यांनी तिपिटकाची सुमारे १६,००० पाने मुखोद्गत म्हटल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली.

आपले कर्तव्य

स्मृती धारण करणारी माणसे गेली की स्मृती जाते. सिंहलद्वीपातील महादुष्काळासंबंधी अट्ठकथेत एक कथा आहे. त्या संकटानंतर महानिद्देस हा ग्रंथ मुखोद्गत असलेला एकच भिक्खू उरला होता, आणि त्याचे शीलही निर्दोष नव्हते. तरीही, त्याच्याबरोबर ग्रंथ नष्ट होऊ नये म्हणून, एका स्थविराने त्याच्याकडून तो शिकून घेतला. विनयातही एक अनुज्ञा आहे. एखाद्या उपासकाला किंवा उपासिकेला एखादे सुत्त येत असेल, आणि ते लोप पावण्यापूर्वी येऊन शिकून घ्या असा निरोप त्यांनी पाठविला, तर भिक्खूने वर्षावासातही सात दिवसांसाठी विहार सोडून जावे.

आज असा निरोप आपल्यालाही येत आहे. १९५६ साली दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. धम्मदीक्षेचा दिवस, ६ डिसेंबरची बातमी, दुसऱ्या दिवशीची दादर चौपाटीवरील गर्दी, गावातील बहिष्कार, सोडून दिलेली बलुती, विहिरीत टाकलेले देव, हे ज्यांनी पाहिले त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. हे सारे कोणत्याही सरकारी दप्तरात पूर्णपणे सापडणार नाही.

या आठवणी नोंदविताना वरील विवेचनातून काही पथ्ये निघतात. पहिले, प्रत्येकाचे कथन स्वतंत्रपणे, इतरांनी सांगितलेले ऐकण्यापूर्वी नोंदवावे. दुसरे, उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. 'बाबासाहेब जवळून दिसले ना?' असे न विचारता 'तुम्ही कोठे बसला होता, काय ऐकू आले?' असे विचारावे. तिसरे, नागसेनांची यादी ध्यानात ठेवून खुणा द्याव्यात. कोणाबरोबर गेलात, काय नेसला होता, शिदोरीत काय होते, कोणती गाणी म्हटली जात होती, अशा प्रश्नांनी वाटा खुल्या होतात. छायाचित्रे मात्र शेवटी दाखवावीत. चौथे, कथन बोलीत, जसेच्या तसे, दिनांकासह लिहावे किंवा ध्वनिमुद्रित करावे. पाचवे, दोन कथनांत विसंगती आढळल्यास ती मिटवू नये. दीघभाणक आणि मज्झिमभाणक यांच्यातील मतभेद अट्ठकथाकारांनी लपविले नाहीत, दोन्ही नोंदवून ठेवले. तीच प्रामाणिकता आपण पाळावी. सहावे, उपलब्ध कागदपत्रांशी पडताळणी करावी. असे केल्याने कोणाचा अवमान होत नाही. महापदेसांची शिकवण तीच आहे.

प्रत्येक विहाराने येत्या वर्षावासात आपल्या वस्तीतील पाच वृद्धांच्या आठवणी नोंदविण्याचा संकल्प केला, तर फार मोठे कार्य होईल. विहारात जमणाऱ्या मुलामुलींना हे काम द्यावे. ऐकणे, लिहिणे, पुन्हा वाचून दाखविणे आणि दुरुस्त करणे यांतून त्यांचीही स्मृती घडेल. माझ्या आजीकडे आता आम्ही जाऊ शकत नाही. वाचकांच्या घरी किंवा शेजारी अजून कोणी असेल, तर त्यांच्याकडे या आठवड्यातच जावे.